मूल खात नाही, दोष कोणाचा? शंभर वर्षांची गोष्ट

दीड-दोन वर्षांचं मूल जेवत नाही म्हटलं की आपल्याकडे निदान पाच मिनिटांत होतं. आजी म्हणते दृष्ट लागली, मीठमोहऱ्या उतरून टाका. शेजारीण म्हणते दात येत असतील. कुणीतरी म्हणतं, आईनेच लाडावून ठेवलंय, एक दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल. बहुतेक मुलांच्या बाबतीत यातलं काहीही केलं तरी चालून जातं. कारण ते मूल चार-सहा महिन्यांत आपसूक खायला लागतं आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळतं.

पण प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत एखादं मूल असं असतं की त्याच्यापुढे हे सगळे उपाय हरतात. ते फक्त कोरडा पांढरा भात खातं आणि एकाच कंपनीचं बिस्किट. बिस्किट तुटकं निघालं तर तेही नाही. केळं कुस्करलेलं नुसतं बघितलं तरी त्याला उमासे येतात. उपम्यातली एक मोहरी जिभेला लागली की ताट संपलं. फोडणीचा तडतडाट किंवा कुकरची शिट्टी ऐकून ते कानावर हात ठेवून पळतं. हाताला वरण लागलेलं त्याला सहन होत नाही, शर्टाच्या मागची पट्टी टोचते, वाळूत पाय ठेववत नाही.

हे मूल नाटक करत नसतं. त्याच्या तोंडाला, नाकाला, कानाला जे जाणवतं ते आपल्याला जाणवतं त्याहून वेगळं असतं. एवढी साधी गोष्ट समजायला जगाला साधारण शंभर वर्षं लागली. त्या शंभर वर्षांत बोलणी कुणी खाल्ली, तर आयांनी. आपल्या तालुक्यातल्या अंगणवाडीपर्यंत तर ही समज अजून नीट पोहोचलेलीच नाही. म्हणून हा इतिहास सांगावासा वाटतो.

आधी एक खुलासा. दोन वर्षांच्या आसपास नवीन पदार्थाला नाक मुरडणं हे बहुतेक मुलांचं होतं. शास्त्रज्ञांचा तर्क असा, की मूल चालायला लागलं की हाताला येईल ते तोंडात घालू शकतं, तेव्हा अनोळखी वस्तूची भीती त्याला वाचवते. ही भीती किती रक्तातली आहे हे ब्रिटनमध्ये ८ ते ११ वर्षांच्या जुळ्या मुलांच्या पाच हजारांवर जोड्यांमध्ये तपासलं गेलं. २००७ साली निष्कर्ष छापून आला. मुलामुलांतल्या फरकाचा सुमारे ७८ टक्के भाग आनुवंशिक होता. म्हणजे लाडावून ठेवल्याचा आरोप इथेच निम्म्याहून जास्त गळून पडतो. पण मी वर सांगितलं ते मूल या नेहमीच्या नाक मुरडण्याच्या पलीकडचं आहे.

आता मागे जाऊ. १८९४ साली अमेरिकेत ल्यूथर एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञाचं बाळांच्या संगोपनावरचं पुस्तक आलं आणि पुढची काही दशकं तिथल्या घराघरांत ते प्रमाण मानलं गेलं. किती वाजता, काय आणि किती भरवायचं हे सगळं डॉक्टर ठरवून देणार. घड्याळ बघून, मोजून मापून. झालं काय, की आया वेळापत्रक पाळायला लागल्या आणि मुलं तोंड मिटून घ्यायला लागली. १९२० च्या दशकापर्यंत मूल खात नाही ही तिथल्या डॉक्टरांपुढची नेहमीची तक्रार झाली होती.

या गदारोळात क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाईंनी उलटा प्रश्न विचारला. मुलालाच ठरवू दिलं तर? १९२६ च्या सुमारास क्लीव्हलंडमध्ये आणि नंतर शिकागोत त्यांनी नुकती अंगावरून सुटलेली १५ बाळं सांभाळायला घेतली. वय ६ ते ११ महिने. यादीत ३४ पदार्थ होते. दूध, आंबवलेलं दूध, गहू, ओट, गाजर, वाटाणा, सफरचंद, केळी, अंडी, मांस, कलेजी, असं सगळं साधं. मीठसुद्धा वेगळ्या भांड्यात. त्यातले काही पदार्थ प्रत्येक जेवणाला समोर ठेवायचे. नर्सने हातात चमचा घेऊन गप्प बसायचं. बाळाने बोट दाखवलं, हात पुढे केला, तोंड उघडलं, तरच भरवायचं. वा छान नाही, आणि अरे हे का टाकलंस तेही नाही. हाताने खाल्लं तरी चालेल.

काही मुलांवर हा प्रयोग चार-साडेचार वर्षं चालला. प्रत्येक मुलाची आवड वेगळी निघाली, कधीकधी विचित्रच. सकाळी संत्र्याचा रस आणि कलेजी, असंही एखाद्याचं जेवण असे. पण मुलं धट्टीकट्टी वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाच्या ताटात माशाच्या तेलाची वाटी ठेवली होती. बरं होईपर्यंत ते आपणहून ते तेल घेत राहिलं आणि नंतर सोडून दिलं.

या प्रयोगाचा सोयीचा अर्थ अनेकांनी काढला, की मूल मागेल ते द्या. डेव्हिसबाईंचं म्हणणं तसं अजिबात नव्हतं. त्यांनी १९३९ साली स्पष्ट लिहिलं की सगळी मेख त्या यादीत होती. समोर ठेवलेलं सगळंच पोषक होतं, वाईट निवडायला जागाच नव्हती. मैदा-साखरेचे कारखानी पदार्थ शेजारी ठेवले तर काय होतं हे त्यांना पुढच्या टप्प्यात बघायचं होतं, पण जागतिक मंदीत पैसे संपले आणि प्रयोग थांबला. आज आपल्या प्रत्येक किराणा दुकानाच्या दाराशी पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात. डेव्हिसबाईंचा तो राहिलेला टप्पा आपणच आपल्या पोरांवर पूर्ण करतोय, फक्त नोंद कुणी ठेवत नाही.

डेव्हिसबाईंनी एक गोष्ट सिद्ध केली, की भूक मुलाची असते आणि ती त्याच्याकडेच राहू द्यावी. पण ज्याला घास तोंडात धरणंच सहन होत नाही अशा मुलाचं काय, हा त्यांच्या प्रयोगाचा विषय नव्हता.

त्याचा एक धागा १९३१ साली भलतीकडेच सापडला. ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ एक पांढरी पावडर बाटलीत भरत होता. थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, तोंड कडू झालं. फॉक्सला काहीच लागेना. दोघांनी चाखून बघितलं. एकाला कडूजहर, दुसऱ्याला बेचव. पुढे लोकांवर चाचण्या झाल्या तेव्हा कळलं की हा फरक आनुवंशिक आहे. २००३ साली त्यामागचं जनुकही सापडलं. सांगायचा मुद्दा असा की एकाच ताटातली एकच भाजी दोन माणसांच्या जिभेवर दोन वेगळ्या भाज्या असू शकतात. मेथी किंवा कारलं थुंकणाऱ्या पोराला आपण म्हणतो, आम्ही खातो की, तुला काय झालं? त्याला काय झालं ते त्याच्या जिभेला माहीत.

यानंतर १९४३. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांवर एक लेख लिहिला. ऑटिझम हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात त्याची सुरुवात या लेखापासून धरतात. पहिला मुलगा मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा, डोनल्ड ट्रिप्लेट. तो पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जगभर फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी गेला. लेखाची चर्चा होते ती मुलांच्या एकटेपणाबद्दल, बोलण्याबद्दल. पण तो नीट वाचला तर खाण्याचा प्रश्न त्यात जागोजागी आहे. ११ पैकी ६ मुलांना अगदी सुरुवातीपासून खाण्याची मोठी अडचण होती. एका मुलीला तर वर्षाची होईपर्यंत नळीने भरवावं लागलं. मोठे आवाजही या मुलांना सोसत नसत. कॅनरने अर्थ असा लावला की अन्न ही बाहेरून मुलावर होणारी सगळ्यात पहिली घुसखोरी, म्हणून ते नाकारलं जातं.

निरीक्षण पक्कं होतं. पण पुढची गाडी चुकीच्या रुळावर गेली. या मुलांचे आईबाप थंड स्वभावाचे आहेत असं कॅनरनेही लिहिलं होतं. मग मुलाला ममता मिळाली नाही म्हणून ते असं झालं, हा सिद्धांत जोर धरू लागला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइमने १९६७ साली यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि आयांवर शिक्काच बसला. आधीच मूल घास घेत नाही म्हणून रडकुंडीला आलेली बाई, तिलाच डॉक्टरांनी सांगायचं की तुझ्या मायेत खोट आहे. आपल्याकडे सासू म्हणते तेच, फक्त तिथे पुस्तकात छापून.

हे खोडून काढायचं काम एका बापाने केलं. बर्नार्ड रिमलंड हा अमेरिकी नौदलात काम करणारा मानसशास्त्रज्ञ. त्याचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९६४ सालीच त्याने पुस्तक लिहून दाखवून दिलं की हा आजार ममतेच्या अभावाचा नाही, मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे. पुढच्याच वर्षी पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९६९ साली त्याच संघटनेच्या सभेत कॅनरने पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. पण तोवर पंचवीसेक वर्षं गेली होती.

न बोलणाऱ्या मुलाला काय होतंय हे त्याच्या वागण्यावरून ओळखायचं, ही कल्पना आपल्याला खरं तर नवी नाही. आयुर्वेदात बालरोगांचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून तो १९३८ साली छापला गेला. त्यात वेदनाध्याय नावाचं प्रकरणच आहे. बाळ डोकं हलवतंय, डोळे मिटतंय, दूध बाहेर काढतंय, अशा खुणांवरून दुखणं कुठे आहे ते ओळखावं, असा त्याचा रोख. मूल सांगत नाही म्हणजे त्याला काही होत नाही असं समजू नये, हे शहाणपण आपल्या घरात होतं. आपण मीठमोहऱ्या तेवढ्या लक्षात ठेवल्या.

खाण्याकडे शरीराच्या बाजूने बघायला शिकवलं ते ऑक्युपेशनल थेरपीने. हे शास्त्र वाढलं ते महायुद्धांतल्या जखमी सैनिकांना पुन्हा उभं करताना. रोजची कामं, म्हणजे बटण लावणं, घास घेणं, लिहिणं, शरीराला पुन्हा शिकवायची. भारतात ते आणणारी बाई महाराष्ट्राची सून. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या. शेती आणि मेंढ्यांच्या संशोधनामुळे फलटणच्या निंबकरांचं नाव आपल्याला माहीत आहे. त्या बनबिहारी निंबकरांच्या या आई. १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातली पहिली.

याच शास्त्रातल्या, कॅलिफोर्नियाच्या जीन एअर्स यांनी १९७२ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं. इंद्रियं पाचच नाहीत. कानाच्या आत तोल सांभाळणारं एक असतं, सांध्या-स्नायूंतून शरीराची जाणीव देणारं एक असतं. या सगळ्यांकडून येणारी माहिती मेंदूला जुळवावी लागते. काही मुलांत ही जुळणी नीट होत नाही. साधा स्पर्श त्यांना धोक्यासारखा वाटतो, किंवा उलट, जोरात लागल्याशिवाय काही जाणवतच नाही.

आता एक घास डोळ्यांपुढे आणा. रंग दिसतो, वास येतो, बोटांना ओलं-गरम लागतं, तोंडात मऊ-खरखरीत लागतं, चव येते, चावताना कानात आवाज होतो, जबड्याला जोर लावावा लागतो, आणि हे सगळं पाठ ताठ ठेवून बसून करायचं. सगळी इंद्रियं एकाच वेळी कामाला लावणारं लहान मुलाच्या आयुष्यातलं दुसरं काम कुठलं? त्यात आमटी-भातात मऊ शीत, मध्येच कढीपत्ता, मध्येच टोमॅटोची साल. ज्याला प्रत्येक स्पर्श दुप्पट जाणवतो त्याच्यासाठी हे अंधारात काटेरी वाटेवर चालण्यासारखं आहे.

तेच बिस्किट का हवं असतं, हेही मग कळतं. कारखान्याचं बिस्किट रोज तेच असतं. तोच रंग, तोच कुरकुरीतपणा, तीच चव. घरचं वरण आज पातळ, उद्या घट्ट, परवा त्यात कोथिंबीर. मूल गोडाच्या मागे लागलेलं असतंच असं नाही. ते भरवशाच्या मागे लागलेलं असतं.

एअर्सबाईंच्या सिद्धांतावर वादही आहेत, ते लपवायचं कारण नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सांगितलं की संवेदनांचा गोंधळ हा स्वतंत्र आजार म्हणून शिक्का मारू नका, त्यामागे ऑटिझम किंवा दुसरं काही आहे का ते आधी तपासा, आणि थेरपीचे पुरावे अजून मर्यादित आहेत हे पालकांना सांगा. दुकानं थाटणाऱ्यांच्या नादी लागू नये म्हणून हे माहीत असलेलं बरं. पण संवेदना वेगळ्या असतात हे आता कुणी नाकारत नाही. २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेची पाचवी आवृत्ती आली तेव्हा ऑटिझमच्या लक्षणांत संवेदनांचा समावेश झाला. त्याच आवृत्तीत खाणं टाळण्याच्या एका विकाराची वेगळी नोंद झाली. वजनाच्या किंवा दिसण्याच्या भीतीने नाही, तर पोत, वास, रंग सहन न झाल्याने किंवा गुदमरण्याच्या धास्तीने खाणं टाळणारी माणसं त्यात येतात. लक्षात घ्या, अशा प्रत्येक मुलाला ऑटिझम असतोच असं नाही. वेळेआधी जन्मलेली, नळीवर राहिलेली बाळंही तोंडाजवळ काही आणलं की घाबरतात.

उपायांचा इतिहासही थोडक्यात सांगतो. लिअॅन बर्च यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना नवी फळं, नवे चीज वेगवेगळ्या वेळा चाखायला दिले, दोनदापासून वीसदापर्यंत. जितक्या जास्त वेळा ओळख, तितकी आवड जास्त. आपण तिसऱ्या दिवशी म्हणतो, याला आवडतच नाही. २००६ साली त्यांच्याच गटाने सूपवर प्रयोग केला. संपव संपव म्हणून मागे लागलं की मुलं कमी खातात आणि त्या पदार्थाबद्दल वाईट बोलतात. संवेदनशील मुलांना वीसहूनही जास्त वेळा लागू शकतात, आणि सुरुवात चाखण्यापासून नाही, नुसतं ताटाच्या कडेला ठेवण्यापासून करावी लागते. नाक दाबून भरवणं तर घातकच. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो आणि भीती कायमची बसते.

आता आपल्या दारात येऊ. २०१३ हेच साल. ६ फेब्रुवारीला आपल्याच पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पथकाने अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची, शंका वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायची. तपासायच्या ३० गोष्टींच्या यादीत ऑटिझम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तो आला. १९९५ च्या कायद्यात नव्हता. कागदावर आपण जगाच्या मागे नाही.

जमिनीवर काय दिसतं? मी वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. अंगणवाडीत वजनकाटा असतो, उंची मोजायची पट्टी असते, दंडघेराची फीत असते. मूल तीव्र कुपोषित की मध्यम, हा आकडा वर जातो आणि त्याचीच बातमी होते. पण भात-बिस्किटावर जगणाऱ्या मुलाचं वजन पुष्कळदा बरोबर भरतं. मग ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका मुलाची केस २०१९ साली छापून आली होती. प्राथमिक शाळेपासून त्याला ठरावीक पोतांचे पदार्थच चालायचे नाहीत. चिप्स, पांढरा पाव आणि प्रक्रिया केलेलं मांस, एवढ्यावर तो वाढला. उंची-वजन ठीक होतं. सतराव्या वर्षापर्यंत जीवनसत्त्वांच्या अभावाने त्याची दृष्टी कायमची अधू झाली होती. चालताना लंगडायला लागलेली, पन्नास तपासण्यांनंतर स्कर्व्ही निघालेली मुलंही वैद्यकीय नियतकालिकांत बऱ्याचदा नोंदली गेली आहेत. काट्यावर सगळं ठीक होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. वजन घेताना अंगणवाडी ताईंनी आईला चार प्रश्न जास्तीचे विचारावेत. मूल मोजून किती पदार्थ खातं? आधी खायचं ते पदार्थ सोडत चाललंय का? घास पाहून उमासे येतात, खाताना ठसका लागतो का? आवाज, कपडे, माती, केस कापणं याचाही त्रास होतो का? याला ना यंत्र लागतं ना निधी. उत्तरं काळजीची वाटली तर पोर पथकाला दाखवायचं, लोह तपासायचं, बद्धकोष्ठ आणि गिळण्याची अडचण बघायची आणि पुढे पाठवायचं.

पुढे पाठवलेलं मूल खरंच पोहोचतं का, हा दुसरा प्रश्न. जिल्ह्याचं ठिकाण लांब, एसटीचं भाडं, बुडणारा रोज, आणि तिथे गेल्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्टची जागा भरलेली आहे की नाही याचा भरवसा नाही. ज्या राज्यात हे शास्त्र आशियात सर्वांत आधी शिकवलं गेलं, त्या राज्यातल्या तालुक्याच्या आईला या माणसाचं नावही माहीत नसावं, हे काही बरं नाही.

गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीची बैठक असते. ग्रामसभा असते. तिथे एवढंच विचारा, की गेल्या वर्षी पथकाने आपल्या तालुक्यातली किती मुलं विकासाच्या अडचणीसाठी वर पाठवली, त्यातली किती पोहोचली, आणि जिल्ह्याच्या केंद्रात थेरपिस्टची पदं किती आणि भरलेली किती? तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो. मी माझा टाकतोय. तुमच्या तालुक्याचा तुम्ही टाका, आणि आलेलं उत्तर इथे सगळ्यांसमोर मांडा.

आणि तोपर्यंत, तुमच्या ओळखीतल्या ज्या घरात असं मूल आहे, त्या घरच्या आईला फक्त एक वाक्य सांगा. बाई, यात तुझा दोष नाही.